आधी उचल, मग लोट

हिल्त्ये फोनवर एवढंच म्हणाली:
गोठ्याचं दार पडायला आलंय, ये.
आमच्या फ्रीसलंडमध्ये दार पडायला आलं म्हणजे
वारा केव्हाच आत येऊन बसलाय, असं धरायचं.

मी आणि येल्मर निघालो.
शिडी, रंधा, चार जाड बिजागऱ्या.
बांधापलीकडे समुद्र ओहोटीला गेलेला,
नुसता चिखल चमकत होता.

गोठा रिकामा. शेवटच्या सहा गायी
मार्चमध्ये ट्रकात चढल्या.
त्यांच्या माना जिथं घासायच्या
तिथं चौकट लोण्याचा हात फिरल्यासारखी गुळगुळीत.

मी दार ओढलं. हलेना.
येल्मरनं खांदा लावला. हलेना.
"अरे, असं नाही रे,"
एका हातात कॉफीची किटली तशीच धरून
ती कमरेत किंचित वाकली,
मांडीनं खालची फळी बोटभर उचलली,
मग लोटली.
दार निमूट उघडलं.
"आधी उचल, मग लोट.
सासूनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं.
दुसरं काही शिकवलं नाही."

आतून फळीवर पेन्सिलीनं तारखा,
व्यायलेल्या गायींच्या. एक तारीख खोडलेली.
अर्ध्या चंद्राच्या लोखंडी खिडक्या,
काचांवर जळमटं.
येल्मर फडकं घेऊन पुढे झाला, तर म्हणते,
राहू दे, माश्या तीच धरतात.
माश्या नव्हत्या.
गायीच नाहीत तर माश्या कशाला येतील?
हे मी बोललो नाही.

वर, छपराच्या टोकाशी,
त्रिकोणी फळीत ताटलीएवढं भोक.
घुबडासाठी. उंदीर खायला यावं म्हणून
आमच्या आज्यापणज्यांनी त्याला स्वतंत्र दार दिलं,
कडी नसलेलं.
हल्ली लोक तिथं काच बसवतात,
मागे दिवा, दिव्याखाली पलंग.
मीही बसवल्यात. पैसे घेतलेत.
"जाळी मारू का? पाऊस येतो तिथून."
"घुबड यायचं ना."
"शेवटचं कधी आलं?"
"डाउवे होता तेव्हा."
"म्हणजे अकरा वर्षं झाली."
"मग?" ती म्हणाली.

जुनं दार उतरवायला चौघं हवे होते,
आम्ही दोघं आणि ती.
ते भिंतीला टेकलं आणि
उजेड एकदम पार मागच्या भिंतीपर्यंत गेला.
गवताची धूळ उठली, बराच वेळ खाली बसेना.
हिल्त्ये बघत राहिली.
"अगोबाई, एवढीशीच जागा होती ही?
मला वाटायचं, संपतच नाही."

नवं दार लार्चचं. तीन हात रंग.
येल्मरनं एका बोटानं ढकलून दाखवलं.
मग ती आली,
कमरेत वाकली, मांडी लावली,
उचलायला काही नव्हतंच.
तोल गेला, कॉफी नव्या उंबऱ्यावर.
"कसलं हलकं केलंस रे,"
ती म्हणाली,
शेजाऱ्याबद्दल तक्रार करावी तशी.

ती फडकं आणायला गेली.
मी वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल केले,
दार टोकाला बोटभर खाली येऊ दिलं.
येल्मर बघत होता.
म्हटलं, लाकूड बसायला वेळ लागतो.
बिलात हे लिहिलं नाही.

ऑक्टोबरात पुन्हा तिकडून गेलो,
मुसळधार पाऊस होता.
तिनं दार उचललं, लोटलं, मला आत घेतलं.
घुबड नव्हतं.
भोकाच्या बरोबर खाली
तिनं दुधाची जुनी बादली मांडली होती,
अर्धी भरलेली.