अवताराला ळ येत नाही

स्विंडनला, चर्चच्या हॉलमध्ये, दर शनिवारी
पडद्यावर मी बालकविता वाचते:
केस जागच्या जागी, डोळ्यांखाली काळं नाही.
खरी मी मागे, प्लगपाशी उकिडवी,
स्वेटर उलटा घातलेला.
आई असती तर म्हणाली असती, काय हा अवतार!

'बगल्यांच्या शालेत फलाच नाही,'
ती गोड वाचते.
शर्विल खिदळतो, निहिरा बाकाखाली.
'बगळ्यांच्या!' मी मागून ओरडते.
तिला तोंड दिलंय, कान नाहीत.

मेगन काळे तेवढी हसत नाही.
आई वेल्सची, बाबा वाईचे;
शाळेच्या हजेरीत ती केल, म्हणजे ती कुरळी पालेभाजी,
आणि स्वतःच्या तोंडून काले.
ती खुर्ची पुढे ओढते,
पडद्याला नाक टेकेल इतकी,
तोंड उघडून जीभ मागे वळवते
दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी.
'अशी. मलापण नाही जमत. परत म्हण.'

मी बटण दाबते.
फलाच नाही, म्हणते ती.
फलाच नाही, म्हणते मेगन.

पुढच्या आठवड्यात ळ बसवून देऊ,
कंपनीची मेल आली आहे.
उत्तर लिहायचं राहिलंय.