मडक्याचे ऐंशी

रेवदंड्याला उतरलो तेव्हा चौघांच्या पाठीवर मिळून
असेल चाळीसएक किलो,
त्यातली दहा फिरोजाची पुस्तकं,
जी तिनं शेवटपर्यंत उघडली नाहीत.
हेरंबच्या सॅकचा पट्टा पेणलाच तुटला होता.
त्यानं बुटाची नाडी काढून बांधला,
आणि मग दिवसभर एक पाय
फटक फटक वाजत राहिला
त्या किल्ल्यात, जिथे आता तटाच्या आत
माणसं नारळ मोजतात.
बुरुजाचे उरलेले मजले आम्ही दोनदा मोजले.
दोनदा वेगळे आले.

हिशेब माझ्याकडे.
एस.टी. चौघांची. मिसळ तीन,
लौकिकचं पोट बिघडलेलं.
कोकम सरबत चार. इलेक्ट्रल एक.

संध्याकाळी चालत चौलला पोचलो, तर चौल नव्हतं.
म्हणजे पाटी होती, पोस्ट होतं,
सायकलच्या दांडीवर बसलेलं एक पोर होतं,
पण ज्याच्यासाठी आलो ते बंदर,
जिथे घोडे उतरायचे जहाजातून, पाय लटपटत,
ज्याचं नाव परदेशचे खलाशी
आपापल्या जिभेनं वाकडं करून
लिहून ठेवायचे,
ते कुठेच नव्हतं.
नुसत्या वाड्या. पोफळीला पोफळ लागून,
मध्ये पाटाचं पाणी, निवांत, कुणाचंच नसल्यासारखं.

"जुनं शहर कुठंय?" लौकिकनं विचारलं
वासंतीबाई राऊतांना. त्या सुपारी सोलत होत्या.
मान वर केली नाही.
"पाय उचला," म्हणाल्या, "खालीच असंल."

आणि खरंच आम्ही चौघांनी पाय उचलले,
एकेक, बावळटासारखे.

मग त्यांनी डालड्याचा डबा आणून उपडा केला.
विहीर खणताना निघालेल्या खापऱ्या,
दुधासारख्या पांढऱ्या, वर निळी फुलं,
एकीवर कसल्याशा पक्ष्याची नुसती शेपटी.
"बाकीचा पक्षी?" फिरोजानं विचारलं.
"तो नातवाकडं. ठिकरी केलीय त्यानं."
अंगणात चुन्यानं आखलेली घरं होती.
पक्षी तिसऱ्या घरात पडला होता.

रात्री कापणी झालेल्या शेतात पोपटी लावली.
भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा,
ओवा, खडेमीठ, कणग्या, आठ अंडी.
त्यांच्या हर्षलनं मडकं उपडं ठेवून
भोवती पेंढा रचला, पेटवला,
आणि म्हणाला, आता कुणी काही बोलू नका, शेंगा ऐकतात.
आम्ही अर्थातच बोललो.
इथून दाभोळ, दाभोळहून राजापूर, मग वेंगुर्ला,
सगळी बुडालेली, सरकलेली, विसरलेली बंदरं
एका हिवाळ्यात संपवायची होती.
मधेच हेरंब आणि लौकिक उठून पाटाकडे गेले.
तिकडून आवाज येत होता, शब्द येत नव्हते.
फिरोजा काठीनं विस्तव उकरत राहिली,
उकरायची गरज नसताना.

परत आले तेव्हा हेरंब म्हणाला, मी काढतो.
ओल्या पोत्यात धरून मडकं उचललं त्यानं,
चार पावलं चालला,
आणि बिननाडीचा बूट बांधावर निसटला.

वाफ आधी दिसली, मग आवाज.
शेंगा आम्ही बॅटरीच्या उजेडात
मातीतून, खापऱ्यांतून वेचून खाल्ल्या,
बोटं भाजत, हसत,
हेरंब सर्वांत मोठ्यानं.
इतक्या चविष्ट शेंगा मी पुन्हा खाल्ल्या नाहीत.

सकाळी निघताना वासंतीबाईंनी
मडक्याचे ऐंशी रुपये मोजून घेतले.
खापऱ्या तिथेच बांधाला पडल्या होत्या,
आतून काळ्या, बाहेरून तांबड्या, फुलं नसलेल्या.
एक कोंबडी त्यात मीठ शोधत होती.

दाभोळला तिघंच गेलो.
राजापूर राहिलं ते राहिलंच.

वही आहे माझ्याकडे. पाणी लागून
इलेक्ट्रलच्या ओळीपाशी शाई फुटलीय,
पण खालचं वाचता येतं:
मडकं, ऐंशी. प्रत्येकी वीस.
फिरोजा, पोचले.
लौकिक, पोचले.
हेरंब, येणे.