चार रिव्हर्स, एक फॉरवर्ड

पारडीच्या भंगारात तो वजनकाट्यावर उभा होता.
अकराशे चाळीस किलो.
अय्याजभाई म्हणाला, "हे काय आहे, मलेच नाही समजून राहिलं.
नाक जीपचं, पोट अ‍ॅम्बेसेडरचं,
मागचे पाय कोन्या ट्रकचे.
उद्या गॅसकटर लावतो."
मी म्हटलं, "उद्या नको लावू."
एवढंच बोलले आणि फसले.

कंपनी बंद पडली तेव्हा हिशोबात मिळालेले पैसे
बँकेत गुपचूप निजले होते.
त्यातले अडतीस हजार हलवून उठवले.
बहीण म्हणाली, एवढ्यात सेकंडहँड स्कूटी आली असती.
आली असती.

हिंगण्याच्या शेडमध्ये मे महिना.
नऊनंतर पाना हातात धरवत नसे,
म्हणून पहाटे चारला सुरुवात,
मी आणि तुकेश,
ज्याला सगळं मोबाइलवर आधीच कळलेलं असतं.
डिझेलमध्ये भिजवलेले नट
तिसऱ्या दिवशी हळूच मान हलवायचे.
रेडिएटरच्या जाळीत मुंग्यांचं गाव,
फियाटच्या स्टीअरिंगमध्ये, हॉर्नच्या बटणाखाली,
चमकीचा एक कण:
कुणाची तरी वरात यातून वळली असावी.

नावपट्टी नव्हती.
चॅसिसवर छिन्नीनं ठोकलेलं फक्त
डो. बा. १९७४

इंजिन लागलं तेव्हा सगळ्या गल्लीला खोकला आला.
पहिला टाकला, तर मागे.
दुसरा, अजून जोरात मागे.
तिसऱ्यात तुकेशची सायकल गेली.
चौथा मी टाकलाच नाही.
मग वैतागून रिव्हर्स टाकला
आणि तो पुढे निघाला,
तेराव्याहून परतणाऱ्या माणसासारखा, सावकाश.

तुकेश हसून हसून खाली बसला.
"ताई, डिफरन्शियलच उलटं बसवलं न यानं!
काढू, पलटवू, झालं. एका दिवसाचं काम."
पंचवीस वर्षं लेथवर घालवलेली मी.
ते वेल्ड मी बोटांनी चाचपलं होतं,
शिवणीच्या टाक्यांइतकं एकसारखं.
असा हात चुकतो, पण चार बोल्टांत एवढा चुकत नाही.

अय्याजभाईच्या वहीतून पत्ता निघाला. कळमेश्वरजवळ.
डोमाजी बारापात्रे यांची सून, चंद्रकलाबाई,
संत्री तोडता तोडता म्हणाली,
"मामंजी मोतीबागच्या शॉपात फिटर होते, छोट्या लाइनीवर.
हे झाडं पाहा, किती दाट.
तिकडं कुंपण, त्याच्यामागं नाला.
वळाले जागाच नोती.
ते म्हणत, इंजिन कुठं वळते?
नागभीडले गेलं का तसंच वापस येते."

जाताना वखर, म्हणून हळू.
येताना रिकामा, म्हणून घाई, चार चार गिअरांची.
मी झाडांच्या त्या बोळाकडे पाहत राहिले.
"आणि ते सीट फिरे," ती म्हणाली.
"तीन बोल्ट इकडं, तीन तिकडं."

सीटखालच्या पट्टीत सहा भोकं होती.
त्यातली तीन मी
फालतू समजून वेल्डिंगनं बुजवली होती,
वर ग्राइंडरही फिरवला होता, दिसू नये म्हणून.

ती परत पाडली. त्याच मापाची.
बाकी जे केलं ते माझं:
सीटखाली टेम्पोचं बेअरिंग, म्हणजे बोल्ट खोलायला नको,
दोन्ही टोकांना दिवे,
गिअरच्या दांड्यावर सागाची मूठ,
रंग नाही, नुसतं अळशीचं तेल.
नाव कुठं ठोकलं नाही.
तीन भोकं पुरे आहेत.

रात्री अकराला कळमेश्वरच्या रस्त्यानं नेताना
नाक्यावर हवालदारानं हात दाखवला.
सभोवार एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं,
वही उघडली, मिटली, पेन कानामागे खोचलं.
"बाई, याचं पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं?"

मी सीट फिरवली.