नारिंगी दगडावरून डावीकडे

शाळेत बाईंनी फळ्यावर बाण काढले:
दगडफुलाकडून रेनडिअरकडे,
रेनडिअरकडून माणसाकडे.
माणसापाशी बाण थांबला आणि घंटा झाली.

सुट्टीला हेलिकॉप्टरनं घरी आले तेव्हा
आई, हादने, चुमच्या दाराशी कातडं खरवडत होती.
वही पाहून म्हणाली, "डास कुठाय?"

डास?

"डास नसते तर कळप जागचा हलला असता का?
एकाच उतारावर चरत बसला असता,
माती दिसेपर्यंत.
चावे बसतात म्हणून तो वाऱ्याकडे, समुद्राकडे पळतो,
मागे दगडफूल श्वास घेतं.
नखाएवढं वाढायला त्याला दोन-तीन उन्हाळे लागतात.
सांग तुझ्या बाईंना."
मी बाईंना सांगितलं नाही.

एकदा धुक्यात तिच्या स्लेजवर मागे बसले होते.
ना आभाळ, ना जमीन. रेनडिअरची शेपटी तेवढी पुढे.
आई म्हणाली, नारिंगी दगड दिसला की डावीकडे.
आणि दिसला खरंच,
ओल्या राखेत विझायचा राहिलेला निखारा.
पांढरं घुबड तिथे बसतं, तिनं सांगितलं,
एक गेलं की दुसरं, जागा तीच.
त्याच्या विष्ठेवर हा रंग धरतो.
घुबड बसतं कारण खाली लेमिंग धावतात,
लेमिंग जगतात कारण बर्फाखालीही शेवाळ मरत नाही.
म्हणजे त्या दिवशी आम्ही घरी पोचलो
ते मुठीत मावेल अशा उंदराच्या भरवशावर.

(लेमिंग आटतात त्या वर्षी खोकड
कलहंसांच्या अंड्यांवर उठतं.
दूर कुठल्याशा उबदार खाडीवर
कुणीतरी पक्षी मोजत बसला असेल,
त्याला काय ठाऊक, इथे उंदीर कमी पडले.)

मग तो नोव्हेंबर.
वसतिगृहाच्या पत्र्यावर पाऊस वाजला,
आम्ही मुलं खिडकीशी नाचलो.
तिकडे बर्फावर पाऊस, पावसावर गोठण,
एका रात्रीत टुंड्राला काचेचं झाकण.
खाली दगडफूल, वर घसरणारी खुरं.
एदेयको मामा कुऱ्हाडीनं बर्फ फोडत राहिला:
अडीचशे तोंडं, एक कुऱ्हाड.
सेरको, आमच्या स्लेजचा पुढारी,
बसला तो उठला नाही.

तो हिवाळा आईनं माशांवर काढला, तेही उसने.
मी परतले तर खोकडाच्या बिळाशी
तेरा पिल्लं उन्हात लोळत होती, गुबगुबीत.
मला राग आला.
आई म्हणाली, कुणाचं तरी पोट भरलं.
म्हणताना तिनं चुलीकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेनं उत्तरेला निघालो.
तपकिरी माळावर एका ठिकाणी गवत,
ओलं, दाट, खोटं वाटावं इतकं हिरवं,
आडव्या पडलेल्या जनावराच्या मापाचं.
आईनं स्लेज थांबवली. उतरली नाही.
"सेरको," एवढंच.
गवतात एक कलहंसी बसली होती.
मान लांब करून आमच्यावर फिसकारली.

आम्ही वळसा घालून गेलो.

त्या रात्री, म्हणजे रात्र नव्हतीच,
मी जुनी वही काढली.
माणसापाशी थांबलेल्या बाणाच्या टोकाला
पेन्सिलनं थोडं गवत काढलं. नीट जमलं नाही.
शेजारी एक डास.
तो बरा आला.