शेऱ्याचा रकाना

पणदूरकर साहेबांना चारच्या आत आकडा हवा आहे.
यादी नको, नावं नकोत,
आकडा.
पुलाचे खांब खाडीत उतरले, त्याची भरपाई
दिवाळ्यातल्या किती जणांना.

बेलापूर, तिसरा मजला, एसीखाली बादली.
मी काउंटइफ्स लिहिते:
गाव दिवाळे, स्वल्पविराम,
होडी स्वतःच्या नावावर, स्वल्पविराम,
परवाना चालू, स्वल्पविराम,
वास्तव्य नव्वदच्या आधीपासून.
कंस पुरा.

उत्तर शून्य.

माझा काही विश्वास बसेना.
परवाच त्या गावच्या बाईकडून चिंबोऱ्या घेतल्या होत्या,
एक तर पिशवी फाडून ओट्यावर चालत निघालेली.
शून्य गावातून चिंबोरी कशी येईल?

तासाभरानं सापडलं.
सर्वेक्षणाची पोरं मोबाइलवर गाव लिहीत होती,
आणि मोबाइल शब्द सुचवून झाला की
मागे एक जागा सोडतो, न विचारता.
'दिवाळे', आणि मागे चिमूटभर काही नाही.
सूत्राला ते दुसरंच गाव वाटलं.
ती जागा ओळीओळीनं छाटली
तेव्हा कुठे गाव वर आलं.

दोनशे बारा.
पहिल्या स्वल्पविरामाला उरले एकसष्ट.
दुसऱ्याला चौतीस.
तिसऱ्याला एकोणीस.
शाळेत बाई सांगायच्या, स्वल्पविरामाला थोडं थांबायचं.
इथे माणसं थांबतात,
वाक्य पुढे जातं.

साहेब आतून ओरडले, परवाना नसेल तर सोसायटीची पावतीही चालेल!
म्हणजे 'किंवा' आलं.
या सूत्राला 'किंवा' येत नाही, त्याची सगळी अक्कल 'आणि'त.
दोनदा मोजायचं, बेरीज करायची.
बेरजेत हसुराम नाखवा दोनदा आला,
त्याच्याकडे दोन्ही कागद, दोन्ही लॅमिनेट केलेले.
ज्या माणसाला आजवर एकदा धड मोजलं नाही
तो माझ्या पडद्यावर दोघं होऊन बसलेला.
मी एक हसुराम वजा केला.
त्याच्यासारखे आणखी सहा.

सत्तावीस.
पावणेचार वाजले होते, चहा आलेला, साय धरलेली.

मग उगीच, कुणी सांगितलं नसताना,
होडीच्या रकान्यातल्या रिकाम्या चौकटी मोजल्या.
रिकामं म्हणजे शून्य नव्हे, हे क्लासात पहिल्याच आठवड्यात शिकवतात;
शून्य निदान कुणीतरी लिहिलेलं असतं.
अठ्ठ्याऐंशी.
पुढे अट जोडली, स्त्री.
अठ्ठ्याऐंशीच.
दिवसभरात ही एकच अट भेटली
जिच्यापाशी कुणी गळलं नाही.

त्यातल्या एका ओळीच्या पार टोकाला,
शेऱ्याच्या रकान्यात,
एकच शब्द: पाय.
धर्मीबाई पोशा कोळी, वय बहात्तर.
पोराला फोन लावला.
म्हणाला, मॅडम, मी विचारलं होडी कुणाच्या नावावर,
ती चिखलातून वर आली, कालवांची पाटी उतरवली,
म्हणाली, "मना कसली होरी रं? यो पाय हाय ना."
त्या रकान्यात फक्त हो किंवा नाही निवडता येतं, मॅडम.
नाही म्हणवेना.
म्हणून शेवटी टाकलं.

मी सगळ्या शेऱ्यांत 'पाय' शोधला,
दोन्ही बाजूंना चांदणीचं चिन्ह लावून,
म्हणजे आजूबाजूला काहीही असलं तरी सापडावा.
उत्तर तीन.
एक धर्मीबाई.
एक, 'पायवाट खांबामुळे बंद'.
आणि एक,
'उपाय नाही'.

साहेब मागे येऊन उभे होते, कधीपासून कोण जाणे.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडदा वाचला,
मग विचारलं,
हे तीन सत्तावीसात धरलेत
की वेगळे?