वीतभर मागे

अकरा हंगाम तो माझ्या मागे होता.
रुफिन कोत्सुर, पाच नंबरचा स्टॉपर,
सिलेसियातल्या कोळशाच्या गावचा, खाणीच्या संघाचा.
मी त्याला पाहिला कमी, ऐकला जास्त:
नाकातून शीळ घालणारा श्वास
(दोनदा मोडलेलं नाक, त्यातलं एकदा माझ्याच कोपराने),
दुपारच्या जेवणातला कांदा,
आणि कमरेच्या जरा वर
टेकलेली चार बोटं.
ढकलत नव्हती. नुसती विचारत होती,
कुठे निघालास?

माझे गोल एकशे शेहेचाळीस.
पेपरवाल्यांनी मोजले, मी कापून चिकटवले,
बायकोने वहीला खाकी कव्हर घातलं.
त्याने काय चिकटवायचं?
न झालेल्या गोष्टीची बातमी येत नाही.
त्या रविवारी चेंडू माझ्यापर्यंत आलाच नाही,
याचा फोटो कोण काढणार?
त्याचं नाव छापून आलं दोनदा.
एकदा स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला तेव्हा,
आणि एकदा चुकीचं, ‘कात्सुर’.

कागदोपत्री तो खाणकामगार.
आम्ही सगळेच होतो तेव्हा. पगार खाणीचा,
हजेरीपटावर नाव, खुंटीवर हेल्मेट,
त्यात डोकं कधीच नाही.
खरा खाली उतरायचा त्याचा भाऊ, टेओफिल.
रुफिन म्हणायचा, घरातल्या एकाने छत धरलं
तर दुसऱ्याने निदान मैदान तरी धरावं.

नोव्हेंबर. गोठलेला चिखल, त्यावर खाणीची राख.
शून्य-शून्य. एकाहत्तरावं मिनिट.
आणि भोंगा वाजला.
पाळी बदलायचा नव्हे, तो पोरासोरांनाही पाठ होता.
हा थांबेचना.
स्टँडातल्या चार हजार टोप्या
एकदम मनोऱ्यावरच्या चाकाकडे वळल्या.
गोलकीपर वळला.
रेफरी वळला, शिट्टी ओठांत विसरून.
माझ्या कमरेवरची बोटं उठली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा
माझी पाठ गार पडली.
चेंडू माझ्या पायाशी होता.
मी वळलो नाही.

गोल धरला गेला. नियमात बसत होता.
कुणी ओरडलं नाही, त्यांचंही नाही, आमचंही नाही.
वहीत तो एकशे तिसावा आहे.

टेओफिलची रात्रपाळी होती, तो घरी झोपलेला सापडला.
दुसऱ्यांचे गेले. तिघे.
पुढच्या सामन्याला रुफिन आला,
बोटं ठेवली त्याच जागी,
शब्द काढला नाही.
मला वाटलं, आज हा माझी तंगडी तोडणार.
त्याने फक्त चेंडू काढून घेतला,
कणकेतून केस ओढून काढावा तसा, अलगद.
तोडली असती तर बरं झालं असतं.

काल त्याच्याकडे गेलो होतो.
खाण बंद. मनोऱ्याचं चाक रंगवून शोभेला ठेवलंय.
त्याचे दोन्ही गुडघे आता धातूचे,
‘बर्फ पडायचा असला की माझ्याआधी त्यांना कळतं,’ म्हणाला.
माळ्यावर कबुतरं. एक त्याने माझ्या ओंजळीत दिलं,
करडं, धडधडणारं.
मी चाळीस वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य काढलं:
त्या भोंग्याच्या वेळी, रुफिन, मी...
‘हळू धर,’ तो म्हणाला. ‘पंख दाबतोयस.’

ट्रामपर्यंत सोडायला आला.
फुटपाथवर बर्फ, दोघांच्या हातात काठ्या.
शेजारून चालायला जागा होती, भरपूर.
पण तो आपसूक
माझ्या डाव्या खांद्यामागे गेला, वीतभर,
नाकातून शीळ घालत.
मी घसरलो तेव्हा
कमरेच्या जरा वर
चार बोटं.