चार पेट्या

मालवीनमध्ये, किनाऱ्याच्या रस्त्यापासून दीडशे पावलांवर
(वॉशिंग्टनने मोजली; मी मोजली तेव्हा एकशे ब्याऐंशी)
एक घर विकायला आहे,
आणि ते इतकं कुरूप आहे
की दलालबाईंनी फोटो नुसता पाण्याचाच पाठवला होता.

पाणी मात्र खरं आहे.
नदी म्हणतात तिला इथे,
पण मोन्तेविदेओच्या कुठल्याच गच्चीवरून
पलीकडचा काठ कुणाला दिसलेला नाही.
काही दिवस ती गढूळ आणि गोडी असते,
काही दिवस हिरवी, खारट,
नेमकी कुठली, हे सकाळी उठल्यावर कळतं.
मला रोज सकाळी ते कळायला हवंय.
बाकी काही नको, असं मी मागे एकदा बोलून बसले होते.

आता घर.
पुढून ते न्हाणीघरासारखं दिसतं.
आख्खी दर्शनी भिंत, पायरीपासून छपरापर्यंत,
चकचकीत चॉकलेटी फरशांची,
मधूनच एखादी पिवळ्या फुलाची,
तीही उलटी बसवलेली.
खिडक्या तीन, तिन्ही तीन उंचीवर,
जणू वेगवेगळ्या दिवशी
घरात कुणाला तरी गुदमरलं असावं.

वॉशिंग्टन म्हणाला, उपटून टाकू त्या फरशा.
मी म्हटलं, कशाने? दातांनी?
एक पगार शाळामास्तरचा, एक रक्तपेढीतला,
घर घेतल्यावर आपल्याकडे रंगाचा ब्रशसुद्धा उरणार नाही.

माझी बहीण नेल्बा म्हणते,
घर नवऱ्यासारखं बघावं,
नाकडोळे सोड, संध्याकाळी फिरायला कुठे नेतो ते बघ.
तिचा नवरा तिला कुठेच नेत नाही.
मी काही बोलले नाही.

रात्री विजेच्या बिलामागे मी यादी करते.
डावीकडे ओल, गंजलेली टाकी, स्वयंपाकघरातून निघणारा जिना,
आणि ‘लोक काय म्हणतील’,
जे खोडलं, मग पुन्हा लिहिलं.
उजवीकडे एकच शब्द, पाणी.
त्याच्याखाली रेघ. रेघेखाली आणखी एक रेघ.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दलालबाईंना उशीर झाला
आणि दार मालकाने उघडलं.
एल्बियो, वय एक्क्याऐंशी,
बगलेत थर्मास, हातात मातेचा तुंबा.
घेताय का, असं त्याने विचारलंच नाही.
फरशांवर तळवा टेकवून म्हणाला,
कारखाना बंद पडला तेव्हा आम्हाला द्यायला
त्यांच्याकडे पैसे नव्हते.
हा माझा तीन महिन्यांचा पगार.
बायको म्हणाली, आत लावल्यास तर आपल्यालाच दिसतील,
बाहेर लाव,
सगळ्यांना दिसू देत.

वॉशिंग्टनने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

आणि ही फुलं? मी विचारलं. उलटी का?
ती तिने लावली.
मीपण म्हटलं होतं, उलटी आहेत.
तर म्हणाली, वर जा आणि वाकून बघ.

आम्ही वर गेलो.
सगळी नदी पाठीमागे पसरलेली,
त्या दिवशी हिरवी होती की गढूळ, आता आठवत नाही,
कारण आम्ही दोघं, पंचेचाळिशीची शहाणी माणसं,
कठड्यावर पोट टेकवून
रस्त्याकडची भिंत बघत होतो.
सरळ होती फुलं. एकूण एक.

निघताना त्याने फाटकातून हाक मारली,
गॅरेजात अजून चार पेट्या आहेत,
एखादी फुटलीबिटली तर!

आम्ही अजून हो म्हटलेलं नाही.
बँक आहे, घासाघीस आहे, नेल्बा आहे,
ओल तर आहेच, ती कुणाच्या गोष्टीने वाळत नाही.
बसमध्ये मी खिडकीशी बसले,
बिल काढलं, पेनही काढलं,
आणि कुठल्या बाजूला लिहावं ते सुचेना.

दोन थांबे गेल्यावर वॉशिंग्टन म्हणाला,
एका पेटीत किती येत असतील गं?